मामांचं बिघडलेलं घड्याळ

माझ्या आत्याच्या यजमानांना या जगातली एकही गोष्ट कधी पसंत पडल्याचे मला आठवत नाही. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. कराडजवळ त्यांचा ऊस होता. ऊस चांगला आला तर ते श्रेय पावसाला देत आणि वाळला तर दोष आत्याला. लग्नात पंगतीतून उठताना वरबापाला मुद्दाम बोलावून सांगत, "आमटी झ्याक हुती. मीठ तेवढं फुडल्या पोराच्या लग्नात घाला." आजाऱ्याला भेटायला गेले की उशाशी बसून घरच्यांना विचारत, "लाकडं वाळल्याली हायती न्हवं?" तरीही कुणाच्या घरात दुखणे आले की पहिली बैलगाडी मामांचीच जुंपलेली असे. वाटभर आजाऱ्याला शिव्या घालत ते त्याला दवाखान्यात पोचवीत.

मी तेव्हा कुपवाडला एका कारखान्यात फिटर होतो आणि सांगलीत एका माडीवर बिऱ्हाड करून होतो. मामा आले की जिना अर्धा चढून थांबत, कठडा गच्च धरत आणि तो बांधणाऱ्या गवंड्याचा उद्धार करत. उद्धार बराच वेळ चाले. दम लागला, हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

आणीबाणीच्या दिवसांत त्यांची आंतरगळ वाढली. पोटाखाली उठलेला गोळा ते कित्येक वर्षे हाताने दाबून आत सारत आले होते. आता तो आत जाईना. ते दिवस असे, की ऑपरेशन हा शब्द कानी पडला तरी नसबंदीच्या धास्तीने गावातले गडी उसात शिरून बसत. त्यामुळे निघताना मामांनी गावभर फिरून बजावले, "आंतरगळीचं हाय. त्ये न्हवं!"

सांगलीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ते बराच वेळ ऐकत राहिले. कार्डिओग्राम काढला. मग म्हणाले, "ठोके एका तालात नाहीत. मधेच धावतात, मधेच अडखळतात. हे कधीपासून?"

"तुमचा जिना चढल्यापासनं."

"कधी चक्कर येऊन पडलात?"

"मी पाडल्याली मानसं इचारा."

"घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

"समदी ठणठणीत मेली."

डॉक्टरांनी आत्याला आणि मला बाहेर बोलावले. असे हृदय भूल देताना दगा देऊ शकते. त्याला आधी गोळ्यांनी ताळ्यावर आणायला हवे, आणि किती जपायचे ते पूर्वीचे खरे कळल्याशिवाय ठरवता येणार नाही. शिवाय आतड्याला पीळ पडला तर थांबायलाही सवड नाही.

आत्या पदराने तोंड पुसत म्हणाली, "ह्यांनी मला कवा काय सांगितलं न्हाई. खरं एकालाच ठावं हाय. पर त्याचं नाव काढलं तर हे हितनं उठून जातील."

तो एक म्हणजे मामांचा धाकटा भाऊ. तरुणपणी दोघे मिळून पलटणीत भरती व्हायला गेले होते. धाकटा पास झाला; मामांच्या छातीला नळी लावून त्यांना परत पाठवले. घरोघरी एकतरी फौजी असलेले ते गाव. पारावर कुणी विचारले तेव्हा धाकटा हसत बोलून गेला, "दादाचं घड्याळ बिघडल्यालं हाय." पोराटोरांनीही मामांना बघून टिकटिक करायला सुरुवात केली. तेव्हापासून मामा भावाशी बोलले नाहीत. आणि माझ्या मते, दुसऱ्याच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा उद्योग त्यांनी त्याच दिवसापासून आरंभला.

मी एसटीने पाटणकडे गेलो. धाकटे सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. माझे बोलणे संपायच्या आत त्यांनी पटका बांधला.

दवाखान्यात ते मामांच्या खाटेपाशी ताठ उभे राहिले आणि डॉक्टरांना म्हणाले, "साब, दादा ल्हानपणी दोनदा औतामागं पडला. डोळं पांढरं झालं हुतं. कुनाला सांगू नगंस म्हून त्यानं मला आण घातली हुती. आमचा बा असाच मोट हाकताना पडला, त्यो उठलाच न्हाई."

मामा उशीवरून उठले. "एकदा गावाला सांगितलंस, आता हितं सांगाय आलास व्हय रं?"

"दादा, तवा मी पोरगा हुतो. आज तू जगावास म्हून आलोय."

डॉक्टर सुभेदारांकडे वळले. "वडिलांचं असं झालंय, तर तुम्हीही तपासून घ्या. बसा, छाती बघतो."

"त्याची कशाला?" मामा ओरडले. "त्यो पास हाय, पलटणीचा शिक्का हाय त्याला! भाईर हो!"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले, किंचित हसले आणि बाहेर गेले. तपासून घ्या म्हणत मी फाटकापर्यंत मागे धावलो. "आता न्हाई," ते म्हणाले. "त्याचा जीव खवळंल. आधी त्याचं हुंदे."

मग मामांची तयारी सुरू झाली. गोळ्या, विश्रांती, तंबाखू बंद. भूल देणारे डॉक्टर रोज छाती ऐकून जात आणि मामा रोज त्यांना विचारत, "अजून चालू हाय न्हवं?" ठोके ताळ्यावर आल्यावर, हृदयाच्या डॉक्टरांना शेजारी उभे करून ऑपरेशन झाले आणि ते नीट पार पडले. शुद्धीवर येताच मामांनी टाके वाकडे असल्याचे जाहीर केले. आत्या त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

भावाला निरोप पाठवा, असे आम्ही सगळ्यांनी त्यांना सुचवले. "बघू, ऊस तुटू दे," म्हणाले. ऊस तुटला, त्याच बुंध्यांतून फुटलेला खोडवाही वाढला. आणि एके सकाळी पाटणहून सांगावा आला: सुभेदार अंगणात बूट घालायला वाकले, ते तसेच कलंडले.

मातीला जाऊन परतताना मी एसटीत मामांच्या शेजारी बसलो होतो.

"डाक्टरनं नळी हातात घेतली हुती गड्या," ते म्हणाले. "त्यो बसाया लागला हुता. मीच भाईर काढला."

मामांनी माझे मनगट धरले, आणि कराडच्या स्टँडात गाडी शिरेपर्यंत सोडले नाही.