कोलाला इंग्रजी कळत नाही

परवा अमेरिकेत, ट्रॉयला डॉक्टर मधुकाकांकडे सत्यनारायण होता. तांदळावर गणपती म्हणून मांडलेली सुपारी दिसली आणि फार वर्षांपूर्वीची, आमच्या नायजेरियन, इग्बो शेजाऱ्याच्या घरातली एक दुपार आठवली.

त्याचे वडील तळहातावर सुपारीसारखी कोलाची बी धरून देवांना, पूर्वजांना इग्बोतून बोलावत होते. माझ्यासोबत आलेल्या मधुकाकांनी त्यांना इंग्रजीत बोलायला सांगितलं.

"कोलाला इंग्रजी कळत नाही," म्हातारे हसून म्हणाले आणि त्यांनी बी फोडली. तिचा कडवट वास अजून नाकात आहे. काका माझ्या कानाशी पुटपुटले, "बियांशी बोलतात. अडाणी लेकाचे."

परवा काकांचे मंत्र ऐकून त्यांची नात म्हणाली, "आजोबा, इन इंग्लिश प्लीज."

"देवाला इंग्रजी चालत नाही," काका खेकसले आणि सुपारीवर गंध-अक्षता वाहू लागले.

काका आणि सुपारी या दोघांत सुपारीच मला जास्त शहाणी वाटली.