सावळीवर आलेला आळ

डोळखांबच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर सावळीचं सासर. नवरा साप चावून गेला, पण ती माहेरी परतली नाही. धाकटा दीर जैतू तेव्हा शाळेत जायचा. त्याला भाकरी करून देणं, नाचणी राखणं, सासू भागीचे दुखरे गुडघे चोळणं सगळं तिच्याकडेच. पुढे जैतू कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं. दिपाली घरात आली, आणि मूल नसलेल्या सावळीला जाऊ नाही, लेकच मिळाली.

दिवाळीनंतर दोघी गवत कापायला गेल्या. आठवड्याभरात दिपालीला ताप भरला. अंग पुसताना सावळीला तिच्या कमरेवर काळी खपली दिसली.

"काय गो हे?"

"काटा लागला असंल," दिपाली म्हणाली.

गावातल्या इंजेक्शनांनी ताप हटला नाही. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा शहापूरहून तिला पुढे मोठ्या इस्पितळात धाडलं. रक्त लागणार होतं. सावळीने बाही वर केली आणि स्वतःचं दिलं. मग म्हातारी एकटी होती म्हणून ती पाड्यावर परतली.

पिशव्या चढत होत्या, तरी दिपालीचं रक्त रोज कमीच भरत होतं. डॉक्टरांनी कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला आणि जैतूला बाजूला बोलावलं.

"गवतातला बारीक किडा चावलाय, त्याचा हा ताप. त्याने शरीर बिथरलंय. आपल्या अंगात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. जंतू गिळायचे, मेलेल्या पेशी उचलायच्या, हे त्यांचं काम. आता त्या थांबायलाच तयार नाहीत. चांगल्या, जिवंत रक्तपेशी गिळतायत. आपण चढवलेलं रक्तसुद्धा. समजा, घरचेच राखणदार घरच्यांना खायला लागलेत."

जैतू बाहेर आला. त्याने आईला फोन लावला. पाड्यावर रेंज धड नव्हती.

"आये, डॉक्टर म्हणतात, घरचेच रक्त खातायत तिचं."

फोन तुटला.

भागीने घरात पाहिलं. घरात दुसरं होतंच कोण? चुलीपुढे सावळी बसलेली. आधी नवरा खाल्ला, आता दिपाली. म्हातारी 'चेटकीण, चेटकीण' ओरडत बाहेर धावली. संध्याकाळपर्यंत अख्खा पाडा अंगणात जमला होता.

"मी रक्त दिलंय गो तिला!" सावळी हातावरची सुईची खूण दाखवत राहिली.

"देऊन परत पिलंस," मागून कोणीतरी म्हणालं.

तिला वहाणाही घालू दिल्या नाहीत. ती अनवाणी आटगावला बहिणीकडे गेली.

इकडे डॉक्टरांनी तापाच्या औषधाबरोबर त्या बिथरलेल्या पेशींना आवरणारी औषधं सुरू केली. हळूहळू रक्त टिकायला लागलं. दिपाली वाचली, घरी आली. पाड्याला पुरावा मिळाला. सावळी गेली नि पोर उठली.

जैतू महिन्याने आटगावला आला. सावळी स्टेशनजवळच्या खानावळीत भांडी घासत होती.

"वहिनी, डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीताय. तुझा काय दोष नाय."

"मग पाड्यावर सांग. सगळ्यांच्या पुढ्यात."

"आये ऐकत नाय. आता सगळं निवळलंय, कशाला परत उकरायचं?"

"दिपाली काय म्हणते?"

"ती घाबरते तुला."

सावळीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिला दिपालीचं तापलेलं कपाळ आठवलं, ओला फडका आठवला. ती रडली नाही.

"जा तू," ती म्हणाली. "परत येऊ नको. आलास तर पाड्याला घेऊन ये."

जैतू गेला तो गेलाच. सावळी अजून त्याच खानावळीत आहे. पाड्यावरच्या बाया बाजाराला आल्या की रस्ता ओलांडून पलीकडून जातात, आणि कडेवरच्या पोरांची तोंडं पदराने झाकतात.