उजव्या चाकाचा बॉल जॉईंट

तुमच्या गाडीखाली झोपून चाक नीट करणाऱ्या माणसाला तुम्ही कधी त्याच गाडीत बसवलंय का?

मी स्टेशनजवळच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. वाळूजच्या माळावर कारखान्यांची शेडं उभी राहत होती, रस्ते मात्र खडीचेच होते. त्या खडीनं पुढची चाकं खिळखिळी झालेल्या गाड्या आमच्याकडं यायच्या. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा तेव्हा पेटलेला होता आणि खेड्यांत आमच्या लोकांची घरं जाळली जात होती. माझ्या घरात पुस्तक नव्हतं, लढ्याची पत्रकं होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. कामावरही खिशात एखादं असायचंच, ग्रीसनं माखलेलं.

एका सकाळी पिशोरकडचे एक बागायतदार गाडी घेऊन आले. गावाकडं शेती, इकडं कारखान्यांना मजूर पुरवायचा धंदा. त्यांचा पुतण्या घरं जाळल्याच्या गुन्ह्यात हर्सूलच्या तुरुंगात होता. त्याला जामीन मिळाला होता आणि हे त्याला आणायला निघाले होते. ड्रायव्हर त्यांच्याच गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बसल्या जागी कमावणारा त्या घरातला तो पहिलाच, बाकीचे सगळे अजून मेंढरांमागं चालत होते.

"माझ्या पायाखाली खटखट वाजतंय," बागायतदार म्हणाले. ते पुढं, डावीकडं बसायचे.

बॉल जॉईंट म्हणजे वाटीत बसवलेला लोखंडी गोळा. पुढचं चाक त्याच्यावर वळतं. वाटी झिजली की गोळा सैल होतो, आणि फारच सैल झाला की निसटतो. मग चाक आडवं पडतं. तपासायची रीत साधी आहे. जॅकवर चाक उचलायचं, टायरखाली पहार घालून वर रेटायचं आणि सांध्यावर बोट ठेवायचं. डावा सांधा बोटाखाली उघड हलला. उजवा वाजत नव्हता. पण पहार रेटली तेव्हा तो डाव्याहून जास्त हलला. त्याचं रबर फाटून आत माती गच्च बसली होती, म्हणून तो मुका होता.

"दोन्ही गेलेत," मी खालूनच सांगितलं. "उजवा जास्त."

"ए नामांतर," बागायतदार हसले, "माझ्या पायाखाली वाजतंय तेवढं बदल. दुसरीकडचं तुला कुणी इचारलं?"

"जोडी में बदलते, साब," उस्ताद म्हणाले. गॅरेज त्यांचं होतं. "एक नवा, एक पुराना, ऐसा नक्को करो."

"पोरगं तिकडं जेलात वाट बघतंय, आन् तुम्ही जोड्या कसल्या लावताय?"

ड्रायव्हर माझ्या डोक्याशी उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "भाऊ, नीट बघ बरं. चालवायची मलाच हाय."

मी डाव्याची पिन काढली, नट सैल केला, बाजूनं हातोडा घालून सांधा सोडवला आणि नवा बसवला. आमच्याकडं पद्धत अशी की ज्यानं सांधा बसवला त्यानंच गाडी रेल्वे फाटकापर्यंत न्यायची. काच खाली करून, रुळांवरून सावकाश. सैल सांधा तिथं हाताला कळतो, मुका असला तरी. मी हात पुसून दाराशी गेलो.

"हा माझ्या गादीवर बसायचा नाय," बागायतदार उस्तादांना म्हणाले. "खाली झोपला तेवढं बास."

"मालक, मी चालवतो, भाऊ नुसता शेजारी बसंल," ड्रायव्हर म्हणाला.

"मग मी काय टपावर बसू?"

फाटकापर्यंत दुसरा मिस्त्री गेला. त्यानं त्या चाकाला हातही लावला नव्हता. परत येऊन म्हणाला, ठीक आहे.

आता खरं लिहितो. तेव्हा मला पुन्हा बोलता आलं असतं. गाडीच्या आडवं उभं राहता आलं असतं, किल्ली काढून घेता आली असती. फार तर एक थप्पड बसली असती. मी गप्प राहिलो, कारण मला ते चाक निसटायला हवं होतं. त्या गाडीत परतताना पुतण्या असणार होता. जळलेल्या घरातला धूर मी पाहिला होता. माझ्या डोक्यात बागायतदार होता, पुतण्या होता. ड्रायव्हर नव्हता. आणि उजवं चाक ड्रायव्हरच्या पायाखाली असतं, हे मिस्त्री असून मी विसरलो.

हर्सूलहून परतताना उताराला चाक आडवं पडलं. गाडी उजवीकडं ओढली जाऊन लिंबाच्या झाडावर आदळली. चुलत्या-पुतण्यांना खरचटलं. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी बागायतदार कपाळाला पट्टी लावून आले. "ह्या नामांतरवाल्यानं मुद्दाम केलं!" उस्तादांनी त्यांना ओढून आणलेल्या मोडक्या गाडीपाशी नेलं. मी बसवलेला डावा सांधा जागेवर घट्ट होता. उजव्याची नुसती वाटी उरली होती.

"मग दोनदा सांगायला तुला तोंड नव्हतं का?" ते माझ्यावर खेकसले.

त्या माणसानं आयुष्यात मला विचारलेला तो एकच रास्त प्रश्न.

सरकारी दवाखान्यात ड्रायव्हरनं माझा हात धरला. "तू सांगितलं व्हतं, भाऊ. आमच्या मालकानंच ऐकलं नाय. तुझा काय दोष?" चादर एका बाजूला सपाट पडली होती. मी मान हलवली आणि त्याचा तो शब्द घेऊन बाहेर आलो. अजून परत केलेला नाही.

म्हणून तुम्हाला मागणं आहे. पुढच्या वेळी गाडी दुरुस्त झाली की ज्यानं काम केलं त्याच्याच हातात किल्ली द्या. ग्रीसच्या कपड्यांसकट त्याला तुमच्या गादीवर बसवा, तुम्ही शेजारी बसा, आणि रस्त्यात त्याला विचारा, अजून काय झिजलंय? तो गप्प बसला तर पुन्हा विचारा.