ध्रुवावर उजाडलं की सुट्टी नाही

"लग्न तिकडे अंधार असतानाच धरा. ध्रुवावर उजाडलं की मला सुट्टी नाही!" धाकट्या वन्सं सासूबाईंशी भांडत होत्या, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

"तिकडच्या अंधारावर इथलं लग्न अडलंय होय?" सासूबाई कडाडल्या.

वन्सं उपग्रहाची चित्रं तपासत. सूर्य उगवल्याशिवाय त्यांच्या उपग्रहाला ओझोन मोजता येत नसे, आणि ओझोनचं भोकही उजाडल्यावरच वाढे. ते काम त्या दुसऱ्या कुणावर सोपवायच्या नाहीत. नवरामुलगा हसला, "अंधारातच उरकू, मी कसा दिसतो तेही कळणार नाही."

पुढचा सगळा संसार त्यांनी तसाच बेतला. निवृत्तीच्या दिवशीही वन्संनी चित्र तपासून पुढे पाठवलं आणि मला फोन केला, "वहिनी, उजाडलं. भोक गेल्या वर्षीपेक्षा लहान आहे." मग कप विसळून घरी आल्या.