मांजरपाटाचा पट्टा

मुलगी डॉक्टरकी शिकायला रशियाच्या शेजारच्या एका देशात होती. सेलूत त्या सगळ्या मुलखाला रशियाच म्हणतात, आणि मीही समजावून सांगायचा नाद सोडला होता. शेवटच्या वर्षाच्या फीचा अर्धा हप्ता भरायचा राहिला होता. एरवी पैसे बँकेतून जायचे. त्या वर्षी ते कापसात अडकले. भाव सुधारेल म्हणून थांबलो आणि थांबतच गेलो. पैसे हातात आले तेव्हा बँकेतला माणूस म्हणाला, आता पाठवले तर पोचायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. तिकडे कॉलेजनं बजावलं होतं की शुक्रवारपर्यंत फी आली नाही तर परीक्षेच्या यादीत नाव नाही. नाव नाही म्हणजे वर्ष वाया. तिला एकदा भेटून यायचं म्हणून आमची दोघांची तिकिटं आधीच काढलेली होती. शेवटी ठरलं की नियमात बसतात तेवढे डॉलर दोघांच्या नावानं पावतीसकट घ्यायचे आणि बरोबरच न्यायचे.

ठरवलं खरं, पण त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा लागेना.

माझी कापसाची आडत आहे, रोकड मला नवी नाही. हंगामात भर गर्दीतून बंडीच्या चोरखिशात पैसे घालून मी शीळ घालत घरी आलेलो आहे. पण तो बाजार माझा. तिथं कुणी माझ्या खिशाकडं नुसतं पाहिलं तरी त्याच्या बापाचं नाव मी सांगू शकतो. परमुलखात आपण कोण? भाषा येत नाही, पोलीस कोणता आणि चोर कोणता ते कळत नाही. घरात मी या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरत होतो. बायको म्हणाली, "आवो, बसा की एका जागी. फरशी झिजायलीय."

आमच्या गल्लीत एकजण बरीच वर्षं आखातात ड्रायव्हर होता. तो चहा प्यायला बोलावला. त्याचं म्हणणं सरळ होतं. पैसे एका जागी ठेवायचे नाहीत, चार ठिकाणी वाटायचे. गर्दीत पाकीट काढायचं नाही. साध्या कपड्यातला कुणी 'मी पोलीस आहे, पैसे दाखव' म्हणाला तर दाखवायचे नाहीत, ठाण्यात चल म्हणायचं. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवायची. उठताना तो म्हणाला, "आन् शेठ, नोटा कोऱ्या करकरीत घ्या बरं. घडी पडली, डाग पडला, की तिकडची लोकं लगेच मुंडी हलवत्यात. आपल्यावानी चालवून घेत न्हाईत."

हे मात्र मी मनावर घेतलं. डॉलर घ्यायला परभणीला गेलो तेव्हा खिडकीतल्या पोराचा जीव मी मेटाकुटीला आणला. एकेक नोट उजेडात धरून पाहिली. एकीचा कोपरा जरा दुमडलेला होता, ती बदलून मागितली. पोरगं म्हणालं, "काका, नोटंच्या मागं लय लागलाव तुमी." लागलोच होतो.

बाकी सल्ले मात्र मला पटले नाहीत. चार ठिकाणी पैसे ठेवायचे म्हणजे जीव चार ठिकाणी टांगायचा. माझे वडील आडतीवर बसायचे तेव्हा म्हणायचे की पैसा अंगाला चिकटून असावा, सुटा राहिला की त्याला पाय फुटतात. मी मांजरपाट आणला आणि ओळखीच्या शिंप्याकडून पोटाला बांधायचा पट्टा शिवून घेतला. आतल्या बाजूला, म्हणजे थेट कातडीला लागेल असा, खिसा. मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, इथं तसले पट्टे मिळतात, आतून प्लास्टिक लावलेले. भारतात पण मिळतात." मी म्हणालो, प्लास्टिकनं घाम येतो.

निघायच्या दिवशी सकाळी बायकोनं सगळं देवापुढं मांडलं. आमच्याकडं नवी वस्तू पूजेशिवाय उंबरा ओलांडत नाही. मोटारसायकल असो, पाण्याची मोटर असो, तिला हळदीकुंकू लागणारच. तिनं पासपोर्टच्या पुठ्ठ्यांना लावलं, बॅगांना लावलं आणि डॉलरच्या दोन्ही गड्ड्यांना लावलं. मी तेव्हा अंगणात रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतो. आत येऊन घाईघाईनं माझी गड्डी पट्ट्यात कोंबली. दुसरी गड्डी तिच्या नावावरची, म्हणून तिच्या हवाली केली, पण मनात ठेवलं की विमानतळावरची तपासणी पार पडली की ती परत मागून घ्यायची.

हैदराबादला तपासणीच्या साहेबानं पासपोर्ट उघडला आणि मग आपल्या अंगठ्याकडं पाहिलं. तो पिवळा झाला होता. त्यानं रुमालानं पुसला आणि शिक्का मारला. बायको हसली. मी तिच्याकडं डोळे वटारले.

पुढं गेल्यावर मी हळूच म्हणालो, "दे ती गड्डी इकडं."

"कामून? माझ्या नावच्या हायत ना? ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ."

"कुठं ठेवल्यास?"

"हायत नीट."

आता सांगा, अशा उत्तरावर माणसानं विमानात झोपायचं कसं? सगळ्या प्रवासात माझा एक हात पोटावर आणि डोळा तिच्या पिशवीवर होता. चार वेळा तरी उठून संडासात गेलो, पट्टा सोडला, मंद उजेडात नोटांच्या नुसत्या कडा चाळून मोजल्या, ओल्या हातानं परत घातल्या. शेजारच्या गोऱ्या म्हातारीला वाटलं असेल, याचं पोट बिघडलंय. विमान बदलायचं होतं तिथं मी बाकावर बसूनच होतो, पाठ टेकली नाही. उकाडा, धावपळ, वर स्वेटर, त्यावर कोट, आणि सगळ्याच्या खाली पट्टा. पोटाला खाज सुटली होती. मुलीच्या गावी पोचलो तेव्हा गुरुवारची संध्याकाळ होती. राहण्याच्या जागी आंघोळ करताना पाहिलं तर पोटावर लालसर डाग. घामोळं उठलं असेल म्हणून खोबरेल लावलं आणि पट्टा न बघताच परत बांधला. झोपतानाही सोडला नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं बँकेत गेलो. तिथं डॉलर देऊन त्यांच्या पैशात फी भरायची आणि पावती कॉलेजला नेऊन द्यायची, असा रिवाज. खिडकीतली बाई तरुण होती. तिनं माझी गड्डी घेतली, पहिली नोट दिव्याखाली धरली आणि बाजूला सारली. दुसरीही सारली. तिसरी उलटीसुलटी करून पाहिली, नाकाजवळ नेली, आणि अख्खी गड्डी माझ्याकडं ढकलली.

मुलगी तिच्याशी बोलली. मग माझ्याकडं वळली, पण माझ्या तोंडाकडं पाहिना. "पप्पा, नोटांवर डाग आहेत. लाल. घेत नाहीत म्हणते."

"कोऱ्या नोटा हायत! एकेक बघून घेतल्यात!"

मी नोटा पसरल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वरच्या नोटेवर बोटाएवढा टिळा होता. खालच्या प्रत्येक नोटेवर तोच टिळा फाकत, पसरत, फिका होत गेला होता, आणि कडा पिवळ्या पडल्या होत्या. आमच्या देवघराचा वास येत होता नोटांना.

मग माझा तोल गेला. त्या शांत बँकेत, जिथं माणसं कुजबुजत बोलत होती, तिथं मी बायकोवर ओरडलो. "ह्या असल्या यडेपणानं पोरीचं वर्ष घातलंस तू! ती कुंकवाची डबी आधी फेकून दे!" सगळे वळून बघायला लागले. रखवालदार दोन पावलं पुढं आला. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "पप्पा, हळू."

बायको मात्र ना रडली ना चिडली. तिनं गड्डी हातात घेतली, वरची नोट पाहिली, खालची पाहिली. म्हणाली, "मी एकाच नोटंला बोट टेकवलं. वरच्या. पट्टा दाखवा तुमचा."

कोपऱ्यात जाऊन पट्टा सोडला. मांजरपाटावर मोठा थोरला लाल-पिवळा डाग, माझ्या पोटावर होता तसाच. ते घामोळं नव्हतं. तिनं लावलेला टिळा माझ्या घामानं आणि माझ्या ओल्या हातांनी नोटानोटांत झिरपला होता. कुणी चोरू नयेत म्हणून क्षणभर अंगावेगळ्या केल्या नाहीत, आणि त्यानंच त्या मातीमोल झाल्या.

बायकोनं पिशवीतून जवसाच्या चटणीचा डबा काढला. त्याच्या तळाशी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली तिची गड्डी होती. वरच्या नोटेवर टिळा, खाली सगळ्या कोऱ्या. खिडकीतल्या बाईनं टिळ्याची एक परत दिली आणि बाकीच्या घेतल्या. अर्धं काम झालं. पण राहिलेली फी पुरती भरल्याशिवाय नाव यादीत येत नाही, हे मुलीनं दोनदा सांगितलं.

"चला," मुलगी म्हणाली. "बाजारात नोटा बदलायच्या खिडक्या आहेत. ते डागाच्या घेतात, पण बट्टा कापतात."

बट्टा हा शब्द तिनं माझ्याच आडतीवर ऐकलेला. लहानपणी शाळेतून आली की गादीच्या कडेला बसून फाटक्या नोटांवरची वादावादी ऐकायची. त्या बाजारात ती पुढं आणि आम्ही दोघं मागं, मेंढरासारखे. पहिल्या खिडकीतल्या माणसानं नोटा पाहून ओठ वाकडे केले. तिनं काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं. एक अक्षर कळत नव्हतं, पण मला सगळं कळत होतं. तिनं नोटा उचलल्या, खिशात घातल्या, पाठ फिरवली. घाई न करता चालू लागली. माझ्या जिवाचं पाणी होत होतं. घड्याळ पुढं सरकत होतं आणि ही पोरगी चालली होती. मागून हाक आली. ती लगेच वळली नाही. दुसरी हाक आली तेव्हा वळली.

असं तीन खिडक्यांवर झालं. बट्ट्यात जे गेलं ते तिनं स्वतःच्या साठवणीतून भरलं. कसली साठवण, तर हॉस्टेलातल्या पोरींना रविवारी वरण-भात आणि पोळ्या करून घालायची, त्याचे पैसे. हे आम्हाला माहीत नव्हतं. "सांगितलं असतं तर तुमी घोर केला असता," एवढंच म्हणाली. दुपारी बँक बंद व्हायच्या आत फी भरली आणि कॉलेजात पावती देऊन आलो. तिथल्या माणसानं तिचं नाव लिहिलं तेव्हा मी ते अक्षर न कळूनही वाकून पाहिलं.

मला वाटलं होतं, आता तरी जिवाला स्वस्थता येईल. पुढचे काही दिवस तिच्या गावात फिरलो. पट्टा धुऊन बॅगेत टाकला होता, जवळ चहापाण्यापुरते पैसे, तेही तिचेच. चोरावं असं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. तरी रस्त्यात गर्दी दिसली की हात पोटावर जायचा. मुलगी दोन पावलं पुढं गेली, गर्दीत तिची टोपी दिसेनाशी झाली, की जायचा. तेव्हा मला कळलं की हा घोर डॉलरचा नव्हताच. डॉलर पट्ट्यात बांधता येतात. हिला कुठं बांधू? जे जपायचं ते आम्ही कधीच परमुलखात सुटं सोडून दिलं होतं, आणि आता पुन्हा तसंच सोडून परत निघालो होतो.

निघायच्या दिवशी ती विमानतळावर आली. बाहेर बर्फ, तिचं नाक लाल झालेलं. आत जायची वेळ झाली तशी बायकोनं सवयीनं पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला. माझ्याकडं पाहिलं. डबी तिनं फेकलेली नव्हती, पण त्या शुक्रवारपासून माझ्यासमोर काढलीही नव्हती.

"काढ की," मी म्हणालो.

तिनं डबी उघडून चिमूटभर कुंकू बोटावर घेतलं, कोरडंच. मुलगी वाकली.

"तसं नको," मी म्हणालो. "वलं करून लाव. पुसलं न्हाई पाहिजे."

पाण्याची बाटली माझ्याच हातात होती. झाकण काढून मी ती बायकोच्या बोटापुढं धरली.