डब्याला शिवलेलं कव्हर

उघडी वस्तू मला बघवत नाही. आमच्या मिक्सरला कव्हर आहे, फ्रिजच्या हँडलला आहे, आणि टीव्हीचा रिमोट तर आला त्या प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर पडलेला नाही. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं शिलाई केली. कापडाचा तुकडा नुसता पडून राहिला की माझे हात शिवशिवतात. म्हणून मुलीने टीव्हीला जोडायचा तो छोटा काळा डबा आणला, ज्याच्यावर ॲप लावून मालिका बघतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी त्याला जीन्सचं कव्हर शिवलं. चारही बाजूंना दुहेरी शिलाई, कोपरे काटकोनात, वायरीपुरतं भोक आणि त्या भोकालाही काज. चिखलोलीच्या आमच्या नव्या सोसायटीत असं कव्हर कोणाकडे नाही, हे मी आल्यागेल्याला सांगत असे.

मुलगी मालिकांच्या वेशभूषा विभागात काम करते. सुई धरायला ती माझ्याच मशीनजवळ शिकली. यंदा तिने कपडे केलेली पहिली मालिका त्या ॲपवर आली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तिचं नाव येतं असं तिने सांगितलं. मोबाईलवर ते तिने मला दाखवलंही, पण मुंगीएवढं. मला ते टीव्हीवर बघायचं होतं, आणि एकटीला नाही. कारखान्यातल्या माझ्या तीन मैत्रिणींना मी रविवारी चारला चहाला बोलावलं आणि सोमवारपासून तयारीला लागले.

तर ॲप चालेना. म्हणजे चालायचं, अर्धा तास झाला की चित्र थांबायचं, पडदा काळा व्हायचा आणि आम्ही परत पहिल्या पानावर. भाग पन्नास मिनिटांचा आणि नाव अगदी शेवटी. एरवी आम्ही विसेक मिनिटांपलीकडे बघत नसू, म्हणून हे आधी कळलं नव्हतं.

आमचे हे अंबरनाथच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून रिटायर झाले. त्यांना वहीशिवाय काही सुचत नाही. त्यांनी वही काढली आणि कामाला लागले. भिंतीवरचा प्लग काढून परत लावला. ॲप पुसून नव्याने घेतलं, मग पासवर्ड आठवेना म्हणून अर्धा दिवस गेला. मदतीच्या नंबरवरची बाई म्हणाली, ॲपची कॅश साफ करा. ती कुठे साठते आणि कशाने साफ करतात हे तिच्याकडून समजून घेऊन तेही केलं. वायफायचा डबा हॉलमधून कपाटावर गेला. मुलीने शूटिंगवरून फोन करून अपडेट करायला सांगितलं, तेही झालं. प्रत्येक उपायाची वेळ यांनी वहीत लिहिली. अर्ध्या तासाने पडदा तसाच काळा.

“पुढे ढकलून शेवटच दाखव ना त्यांना,” हे म्हणाले.

“लग्नाला बोलवायचं आणि नुसती बडीशेप द्यायची?” मी म्हटलं. “कपडे नकोत बघायला?”

“मग मोबाईलवर दाखव.”

ज्या बायकांबरोबर एका बाकावर बसून मी केस पांढरे केले, त्यांना पोरीचं नाव चष्मा पुसून मोबाईलवर दाखवायचं? मला ते मोठं हवं होतं, सगळ्यांना एकदम दिसेल असं. गर्व म्हणायचा तर म्हणा. गुरुवारी मी त्या ॲपला असं काही बोलले की यांनी खिडकी लावून घेतली.

शनिवारी परत पडदा काळा झाला आणि हे अंघोळीला गेले, तेव्हा मी वही उघडली. सकाळी बत्तीस मिनिटं. लगेच परत लावलं, नऊ मिनिटं. जेवून झोपून उठल्यावर एकतीस. लगेच परत, आठ. दुसऱ्या दिवशीही तेच. मी दोनदा वाचलं. हा आजार मला पाठ होता.

शिलाई मशीनच्या खाली मोटर असते. नव्या मुली कापलेले तुकडे तिच्यावर ठेवतात, हाताशी असतात म्हणून. मोटर कोंडते, तापते, बंद पडते. थोडी निवली की चालते, पुरती निवलेली नसली तर लवकर बंद पडते. यावरून मी किती मुलींना झापलं असेल त्याला गणती नाही. मी उठले आणि कव्हरवर हात ठेवला. जाड जीन्समधूनही डबा तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा लागला. डब्याचा रिमोट कव्हरातूनही चालतो, प्लग भिंतीवर, त्यामुळे आठवडाभर आम्ही सगळं केलं, पण त्या डब्याला हात लावायची वेळच आली नव्हती.

खरं सांगते, मी कव्हर काढून गुपचूप कपाटात टाकलं. डबा निवू दिला आणि मालिका लावली. हे बाहेर आले, घड्याळ बघत माझ्या शेजारी बसले. पस्तीस मिनिटं झाली, चाळीस झाली, चित्र चालूच. मग मीच बंद केलं. शेवट मला मैत्रिणींबरोबर बघायचा होता.

“काय बदललंस?” यांनी पेन उघडलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या वहीनेच मला वाट दाखवली होती. मी सांगितलं. यांनी लिहिलं, ‘कारण: कव्हर.’ मग चष्म्यावरून बघून विचारलं, “कोणी शिवलं, तेही लिहू?”

“लिहा. आणि शिलाईत दोष नाही, असंही लिहा.”

त्यांनी दोन्ही लिहिलं.

रविवारी तिघी आल्या. कव्हर टीपॉयवर होतं, मुद्दामच ठेवलं होतं मी. आमच्यात सगळ्यांत मोठी, तिला सगळा कारखाना मावशी म्हणायचा, तिने ते उचलून आधी उलटं केलं. आमच्यातली कोणीही आधी आतली बाजू बघते.

“मस्त बसवलंय की. मग काढलं कशाला?”

मी सगळं सांगितलं. तिघींतली धाकटी हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. “मोटरवर कपडा टाकला म्हणून तू माझ्याशी दोन दिवस बात नव्हती केलीस, ताई. आठवतं ना?” आठवत होतं. मी चहा पुढे केला.

मालिका सुरू झाली. नायिकेचं जाड कापडाचं जाकीट आलं तसं मावशी म्हणाली, “थांबव. मागे घे जरा.” तिने पडद्याजवळ जाऊन खांद्यावरची शिलाई निरखली. “ही तू केलीस. शेवटचा टाका दोनदा दाबायची खोड तुझी.”

“मी नाही,” मी म्हटलं. “पोरीने केलंय.”

बत्तीस मिनिटं झाली तेव्हा मी पडद्याकडे नाही, डब्याकडे बघत होते. उघडा डबा गुमान चालत राहिला. भाग संपला, आणि नावं यायला लागतात न लागतात तोच ॲपने ती कोपऱ्यात ढकलून पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू केली. पण यांनी झटकन बटण दाबलं आणि नावं परत पडदाभर आली. दुसऱ्याच कुठल्या मालिकेवर त्यांनी सकाळी त्याचा सराव करून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

नाव आलं तसं यांनी चित्र थांबवलं. मावशी अक्षरं लावून वाचते. तिने काचेवर बोट ठेवून आधी नाव वाचलं, मग आडनाव.

“किती लेबलं लावली गं आपण पँटींना,” ती बोट तसंच ठेवून म्हणाली. “एकावर तरी आपल्यातल्या कोणाचं नाव होतं का?”

मग ती जागेवर येऊन बसली, पदर नीट केला आणि यांना म्हणाली, “भाऊजी, परत लावा.”