वहिनींनी रॉकेट पाहिलं

खाडीच्या पलीकडे रॉकेटतळ आणि अलीकडे वहिनींचं लॉज. मधे नुसतं पाणी. त्यामुळे उड्डाणाची तारीख जाहीर झाली, की लॉजमध्ये मुंगी शिरायला जागा उरत नसे.

पण या खेपेची गोष्टच निराळी. रॉकेट थेट चंद्रावर जाणार होतं! बेकरीवाल्याने तीच ती गोल बिस्किटं ‘चंद्र बिस्किटं’ म्हणून विकायला काढली, तर त्यांना रांग लागली. छत्रीवाल्याने दुकानाबाहेर दुर्बिणी टांगल्या. न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत वाद घालत बसे, की यान चंद्राच्या कुठल्या अंगाला उतरणार. वहिनींकडे खोल्या भरल्या, व्हरांडा भरला, शेवटी जेवणघरातल्या बाकांवरही लोक आडवे झाले.

“चांदोमामाकडे जायला एवढी धावपळ?” थोरल्या नणंदबाई पाण्यातली चादर बडवत म्हणाल्या. “मामाने बोलावलंय का पण?”

“मामाच्या घरी बोलावणं लागत नाही, वन्सं. ती चादर पिळा आधी.”

गावाच्या लेखी वहिनी म्हणजे लॉज आणि लॉज म्हणजे वहिनी. पण इतकी वर्षं खाडीच्या काठावर काढूनही त्यांनी एकही उड्डाण पाहिलं नव्हतं. त्याला कारण होतं जेवणघरातलं कपबशांचं कपाट. वहिनी नव्या नवरी असताना पहिल्याच उड्डाणाला अख्खं घर थरथरलं, कपाटाचं दार उघडलं आणि सासूबाईंच्या चिनी मातीच्या अर्ध्या कपांचा चुरा झाला. सासूबाई म्हणाल्या, “पुढच्या वेळी तू इथे उभी राहा.” झालं. वहिनी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. पुढे सासूबाई गेल्या, नवरा गेला, लॉज नणंद-भावजयीच्या गळ्यात पडलं, पण तो नेम काही सुटला नाही. उड्डाणाची वेळ झाली की सारं जग गच्चीवर पळे आणि वहिनी कपाटाला पाठ लावून, हात पसरून, डोळे मिटून उभ्या राहत. पाठीमागे कप दातांसारखे कडकड वाजत. मग सगळं शांत. गच्चीवरून माणसं उजळलेल्या चेहऱ्यांनी खाली येत आणि वहिनी विचारत, “झालं का? चहा टाकू?”

त्या सकाळीही त्या वेळेवर उभ्या राहिल्या. गच्चीवर आकडे उलटे मोजायला सुरुवात झाली... आणि मधेच थांबली. वहिनी डोळे मिटून वाट बघत राहिल्या. नाकाला खाज सुटली, पण हात सोडायची सोय नव्हती. कप गप्प. घर गप्प.

“वहिनी?”

डोळे उघडले तर समोर पाहुण्यांपैकी एक, काचेच्या बाटल्या वाहणारे ट्रकवाले. प्यायला पाणी न्यायला खाली आले होते.

“उड्डाण उद्यावर गेलं. कुठलासा व्हॉल्व्ह अडकलाय म्हणतात. तुम्ही... हे काय करताय?”

वहिनींनी सांगितलं. ट्रकवाल्यांनी कपाटाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि अगदी सरळ मनाने विचारलं, “मग कपाट रिकामं का नाही करत?”

वहिनींचा चेहरा असा काही पडला, की बिचारे पाणी न घेताच वर गेले.

दिवसभर वहिनी फणफणत होत्या. पाहुणे मुक्काम वाढल्यामुळे उलट खुशीत होते. कोणी बटाटे सोलत होतं, कोणी पाण्याच्या बादल्या वर नेत होतं, व्हरांड्यात पत्त्यांचा डाव रंगला होता. ट्रकवाल्यांनी तर न सांगता भांडीही घासली. पण वहिनींनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

“मला वेडी ठरवून गेला तो माणूस,” त्या स्वयंपाकघरात म्हणाल्या.

“वेडी नाही गं,” नणंदबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. “पण इतक्या वर्षांत आपल्या दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, हे खरं.”

“माझ्या आलं होतं.”

नणंदबाईंची सुरी थांबली.

“तेव्हा मी नवखी होते, वन्सं. मीठ चुकायचं, हिशेब चुकायचा, सगळं चुकायचं. सासूबाईंनी विश्वासाने सोपवलेलं ते एकच काम. ते कसं सोडू? आणि मग...” वहिनी घुटमळल्या. “मग वाटायला लागलं, सगळे एवढं डोक्यावर घेतात, आणि मी वर जाऊन पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही तर?”

“तर खाली ये आणि चहा टाक,” नणंदबाई म्हणाल्या. “त्यात काय मोठंसं?”

वहिनींना हसू आवरेना. कांद्याचं पाणी डोळ्यांत होतंच, त्यात ते हसणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच ट्रकवाल्यांना हाक मारली. “अहो बाटलीवाले, माझा एक जरी कप फुटला ना, तर तुमचा ट्रक इथेच राहील.”

ट्रकवाल्यांना तेवढंच हवं होतं. त्यांनी पाहुण्यांची रांग लावली. कप हातोहात निघाले, उशांच्या अभ्र्यांत गेले, रजयांत गुंडाळले गेले आणि नणंदबाईंच्या पलंगावर निजले. कपाट रिकामं झाल्यावर वहिनींना जेवणघर परक्याचं वाटलं. पण नणंदबाईंनी दंड धरून त्यांना जिन्याकडे वळवलं.

गच्चीवर लोकांनी त्यांना कठड्याशी जागा करून दिली. कुठे बघायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. कोणीतरी बोट दाखवलं. आकडे संपले. पलीकडच्या काठावर पिवळाधमक उजेड फुटला, खाडीचं पाणी पेटल्यासारखं झालं, आणि त्या उजेडावर एक पांढरी काडी हळूच उभीच्या उभी वर चढू लागली. आवाज नाही, काही नाही.

“अगं बाई, एवढीशी?” वहिनी म्हणाल्या.

आणि मग आवाज आला. पाण्यावरून धावत आला आणि आजवर पाठीत घुमायचा तो थेट छातीवर आदळला. वहिनींनी कठडा घट्ट धरला. काडी ढगात शिरली, ढग आतून उजळला, ती पुन्हा वर निघाली. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यांच्या वर एक आवाज होता, “जा रे! जा! सांभाळून जा!” तो नणंदबाईंचा होता.

रॉकेट दिसेनासं झालं तरी वहिनी मान वर करून उभ्याच. शेवटी ट्रकवाल्यांनी अदबीने विचारलं, “वहिनी, चहा टाकू का?”

“टाका,” वहिनी खाली न बघता म्हणाल्या. “साखर वरच्या डब्यात आहे.”

चहा अगदी पाणचट झाला होता. वहिनींनी तो दोनदा मागून घेतला.

एक कप मात्र फुटलाच. ओरडून ओरडून दमलेल्या नणंदबाई खाली येऊन मटकन आपल्या पलंगावर बसल्या, तेव्हा. त्याबद्दल कोणी कोणाला काही म्हटलं नाही.

पुढचे कित्येक दिवस वहिनी गावभर रॉकेटचं वर्णन करत फिरत होत्या. बेकरीवाल्याला, न्हाव्याला, पोस्टमनला. आधी कसा उजेड, मग काडी, मग कसा तो आवाज. जणू त्या सकाळी बाकी सगळं गाव झोपलं होतं. प्रत्येकाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, तरी हातातलं काम ठेवून प्रत्येक जण विचारायचा, “बरं, मग?”